तपासणीचा कागद आणि आईचे मन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उभे राहून चारचौघींत बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मंडळात माझे काम म्हणजे हळदीकुंकवाच्या दिवशी पन्ह्याचे पातेले सांभाळणे आणि सतरंज्या मोजून परत ठेवणे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा आजाराविषयी मी बोलणार म्हटल्यावर कोणाला हसू आले तर मी रागावणार नाही. परंतु अध्यक्षबाईंनी आग्रह केला की, "तुम्ही अमेरिकेत बहिणीकडे जे पाहिले ते आहे तसे सांगा. शिकलेल्या बायकांनाही ते ऐकण्याची गरज आहे." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर पदरात घ्या.

माझी धाकटी बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई शेतावर जाई तेव्हा तिला कडेवर घेऊन मीच फिरत असे. मी शाळा सोडली, ती शिकली. लग्न होऊन यजमानांच्या नोकरीसाठी ती अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहराजवळ राहायला गेली. तिचा मुलगा, माझा भाचा, त्याला आपण इथे बाबू म्हणू. मी २०२३ च्या मे महिन्यात तिकडे गेले तेव्हा बाबू सहा वर्षांचा होता. त्याला स्वमग्नता आहे. इंग्रजीत ऑटिझम म्हणतात तेच. दिसायला राजबिंडा पोर, पण शब्द मोजके. डोळ्याला डोळा देत नाही. पंख्याकडे तासन्‌तास बघेल, पण आईने हाक मारली तर वळून बघणार नाही. पाणी हवे असेल तर तुमचा हात धरून नळाकडे नेईल. हे त्याच्या तिसऱ्या वर्षीच तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि शाळेत त्याला शिकवणाऱ्या खास बाई होत्या. हळूहळू तो शिकतही होता.

पण फेब्रुवारीपासून काहीतरी बिघडले होते. रात्री दोन-दोनला उठून रडायचा. डोके भिंतीवर आपटायचा. जेवणाला तोंड वळवायचा. येत असलेले चार शब्दही बोलेनासा झाला. मी पोहोचले तेव्हा बहिणीच्या डोळ्यांखाली काळे आले होते. मी तिला म्हटले, "रडतंस कित्याक गो? मी आलंय ना आता?" त्यावर ती अधिकच रडली.

आता त्या आजाराची ओळख करून देते, म्हणजे पुढचे समजेल. कनेक्टिकट राज्यातच लाइम नावाचे गाव आहे. त्या गावावरून लाइम रोग हे नाव पडले. हा रोग गोचिडीमुळे होतो. आपल्याला गोचीड नवी नाही, गुरांच्या कानात आपण नेहमी बघतो. आपल्या सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्गच्या बाजूला आणि पुढे बांद्याकडे काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांना माकडताप झाला, तोही गोचिडीमुळेच. पण दोन्ही रोग वेगळे. माकडतापाचा विषाणू कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेला. लाइम रोग मात्र मळसूत्रासारख्या पिळदार जंतूमुळे होतो आणि त्यावर गोळ्यांचे औषध चालते. तिथली हरणांच्या अंगावरची गोचीड पिल्लू असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावलेली कळतही नाही. एक-दोन दिवस अंगाला चिकटून राहिली तर जंतू शरीरात जातो. मग काही दिवसांनी चावलेल्या जागेभोवती तांबडा चट्टा उमटून पसरत जातो, ताप येतो. वेळीच औषध झाले नाही तर कोणाचा गुडघा टम्म सुजतो, कोणाच्या तोंडाची एक बाजू लुळी पडते, कोणाच्या हृदयाचे ठोके बिघडतात. औषध झाले की बहुतेक माणसे बरी होतात.

या रोगाचा शोध कसा लागला ती गोष्ट आपण बायकांनी जरूर ऐकावी. १९७५ साली त्या लाइम गावात पॉली मरे नावाची एक गृहिणी होती. तिच्या घरात मुलांचे सांधे सुजत, चट्टे उठत, स्वतः तीही आजारी. डॉक्टरांना काही सापडेना. पण ती बाई नेमाने लिहून ठेवी: कोणाला काय झाले, कोणत्या महिन्यात, शेजारी आणखी कोणाला. तिने आणि जुडिथ मेन्श नावाच्या दुसऱ्या एका आईने सरकारी आरोग्य खात्याला कळवले. मग येल विद्यापीठातून डॉ. ॲलन स्टीअर आले. त्या गावात आणि आसपासच्या दोन गावांत मिळून ५१ रोगी निघाले, त्यांत ३९ मुले होती. जंतू सापडला तो पुढे १९८१ साली. विली बर्गडॉर्फर यांनी तो गोचिडीच्या पोटात पाहिला, म्हणून जंतूला त्यांचेच नाव दिले. सुरुवात मात्र दोन आयांच्या तक्रारीने झाली.

असो. आता आमच्या घरात काय झाले ते सांगते.

बहिणीला कोणीतरी सांगितले की, अशा मुलांना खरे म्हणजे लाइम रोगच असतो, तो बरा केला की मूल बोलू लागते. बाबूला चट्टा उठला नव्हता, ताप नव्हता, सांधा सुजला नव्हता. तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात एका खाजगी डॉक्टराकडून तिने त्याचे रक्त तपासून घेतले. पंधरा दिवसांनी कागद आला. त्यावर एका ओळीत होकार, दुसऱ्या ओळीत नकार आणि तिसऱ्या ओळीत 'सीमेवर' असे लिहिलेले. त्या खाजगी डॉक्टराने होकाराच्या ओळीखाली रेघ मारली आणि सांगितले, "हेच कारण. वर्षभर शिरेतून औषध द्यावे लागेल, छातीजवळ नळी बसवावी लागेल. विमा कंपनी पैसे देणार नाही."

त्या रात्री आमच्या घरात दिवाळी होती असे म्हटले तरी चालेल. बहीण हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती. आणि भगिनींनो, माझी चूक मी इथे कबूल करते. मीच म्हटले, "करून टाका. औषध आहे, विष नव्हे. गुण आला तर आला, नुकसान काय?" रक्कम एवढी मोठी होती की आमच्या वडिलांची जमीन विकावी लागणार होती. सात-बाऱ्यावर आम्हा दोघी बहिणींची नावे आहेत. मी म्हटले, "माझी सही धरून चाल." कुलदेवतेला नवसही बोलून टाकला.

धाकटीचे यजमान मात्र गप्प होते. ते म्हणाले, "सही करण्याआधी बाबूच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा कागद दाखवू." जन्मापासून बाबूला बघणारे ते बालरोगतज्ज्ञ, वयस्क गृहस्थ. आम्ही तिघेही गेलो. मी वही नेली होती. डॉक्टर इंग्रजीत सांगत, बहीण मला मराठीत सांगे आणि मी लिहून घेई. तेच आज तुमच्यापुढे वाचते.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. ही तपासणी रक्तात जंतू शोधत नाही. जंतू आल्यावर शरीर त्याच्याशी लढायला जी द्रव्ये तयार करते, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात, ती शोधते. म्हणजे चोर दिसत नाही, चोराच्या मागे धावलेल्या शिपायांची पावले दिसतात. यातून दोन अडचणी येतात. एक, चोर नुकताच आला असेल तर शिपाई अजून निघालेलेच नसतात. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खरा रोग असूनही कागदावर नकार येऊ शकतो. अशा वेळी अंगावर तो पसरणारा चट्टा दिसला तर तिथले डॉक्टर रक्ताची वाट न बघता औषध सुरू करतात. दुसरी अडचण उलटी. रोग बरा झाल्यावरही पावले वर्षानुवर्षे राहतात. म्हणून होकार आला तरी रोग आजचा की जुना, हे एकट्या कागदावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट, ही तपासणी दोन पायऱ्यांची आहे. आपण तांदूळ आधी सुपात पाखडतो आणि मग ताटात घेऊन खडे निवडतो, तसे. पहिली पायरी एलायझा नावाची. ती संशयित तेवढे सगळे बाजूला काढते, त्यात निरपराधीही येतात. 'सीमेवर' हा शेरा या पायरीचा. म्हणजे नक्की हो नाही, नक्की नाही नाही. असे आले की दुसरी पायरी करायची, तिला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. त्यात कागदाच्या पट्टीवर आडव्या रेषा उमटतात. एकेक रेषा म्हणजे जंतूच्या एकेका भागाविरुद्धचे प्रतिपिंड. कोणत्या रेषा मोजायच्या आणि किती उमटल्या म्हणजे होकार समजायचा, हे १९९४ साली मिशिगन राज्यात डिअरबॉर्न येथे तज्ज्ञांची परिषद भरली तेव्हा ठरले. प्रतिपिंडे दोन तऱ्हेची. एक लवकर येणारी, आयजीएम. तिच्या तीन रेषा मोजतात, त्यांतल्या निदान दोन हव्यात. दुसरी मागाहून येऊन टिकणारी, आयजीजी. तिच्या दहा रेषा, त्यांतल्या निदान पाच हव्यात. २०१९ पासून तिकडे दुसरी पायरीही एलायझासारख्या चाचणीने करायला मान्यता मिळाली आहे, पण बाबूचा कागद रेषांचा होता.

बाबूच्या कागदावर आयजीएमच्या दोन रेषा होत्या, म्हणून त्या ओळीत होकार. आयजीजीची एकच रेषा होती, एक्केचाळीस नंबरची, म्हणून त्या ओळीत नकार.

डॉक्टरांनी विचारले, "मुलाचे बिघडले कधीपासून?" बहीण म्हणाली, फेब्रुवारीपासून. ते म्हणाले, "रक्त घेतले जूनमध्ये. मधे चार महिने गेले. आयजीएमचा होकार फक्त दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात धरायचा, कारण ही लवकर येणारी प्रतिपिंडे दुसऱ्याच कारणाने खोटी उमटण्याचे प्रमाण बरेच आहे. दुखणे लाइमचे असते तर चार महिन्यांत आयजीजीच्या रेषा भराभर उमटायला हव्या होत्या. तुमच्या मुलाची एकच आहे, आणि तीही एक्केचाळीसची."

मी बहिणीला म्हटले, "विचार, त्या एक्केचाळीसचे काय वाकडे?" डॉक्टर हसले. ती रेषा जंतूच्या शेपटीची. अशा शेपट्या इतर कितीतरी जंतूंना असतात, अगदी निरोगी माणसाच्या तोंडातल्या जंतूंनासुद्धा. त्यामुळे ती रेषा पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तात सापडते. मला चटकन समजले. चोराच्या पायात काळी चप्पल होती एवढ्यावरून बाजारातल्या प्रत्येक काळ्या चपलेवाल्याला धरता येत नाही. चप्पल, सदरा, चेहरा, उंची, सगळे जुळावे लागते. म्हणूनच दहांपैकी पाच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. ते म्हणाले, कागद वाचण्याआधी मूल वाचायला हवे. चट्टा, ताप, सुजलेला गुडघा, वाकडे झालेले तोंड, यांपैकी काही असेल आणि मूल गोचिडीच्या भागात राहत असेल, तर संशय आधीच मोठा असतो आणि कागद त्याला दुजोरा देतो. काहीच नसताना रक्त तपासले तर निघणाऱ्या होकारांत खोटेच जास्त असतात. मी वहीत आपल्या भाषेत लिहिले: ज्येष्ठातला ढग दिसला तर वाळवण उचलावे, माघातल्या ढगासाठी कोणी छत्री घेऊन बाहेर पडत नाही. ढग तोच, पण महिना बघावा.

आणि चौथी गोष्ट माझ्या त्या प्रश्नाविषयी, 'नुकसान काय?' मी तो धीर करून विचारलाच. खऱ्या लाइम रोगावर बहुतेक मुलांना दोन ते चार आठवड्यांचे औषध पुरते, असे ते म्हणाले. त्याहून पुढे महिनोन्‌महिने औषध दिल्याने काही जास्त गुण येतो का, हेही तपासले गेले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लाइम रोग होऊन गेलेल्या पण तक्रारी राहिलेल्या रोग्यांना तीन महिने औषध दिले, तर दुसऱ्या गटाला औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले दिले. दोन्ही गटांत फरक पडला नाही. मात्र शिरेतील नळीतून जंतू थेट रक्तात शिरू शकतात, पोटाचे भारी जुलाब लागू शकतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात. २०१७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा लांबलेल्या उपचारांत झालेल्या गंभीर इजांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांत माणसे दगावलीही होती. मी मान खाली घातली. औषध आहे, विष नव्हे, असे मीच म्हटले होते ना!

घरी येताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री मी बहिणीला सांगितले, "मी सही करणार नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ताई, तुझा मुलगा असता तर?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. ज्या पोरीला मी कडेवर वाढवले तिने आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. एकदा ती म्हणाली, "त्या पॉली मरेलाही डॉक्टर हसले होते. शेवटी तीच खरी ठरली. मी का नको लढू?"

मुद्दा बिनतोड होता. मी दोन दिवस विचार केला. माझी अक्कल ती केवढी, पण मला असे वाटले की, पॉली मरे खरी ठरली ती नुसती हट्टी होती म्हणून नव्हे. तिने लिहून ठेवले, मोजले आणि म्हटले, येऊन तपासा. तपासल्यावर सुजलेले गुडघे खरेच निघाले. मग स्वमग्न मुलांचेही कोणी तपासले आहे का? पुढच्या भेटीत आम्ही हाच प्रश्न डॉक्टरांना घातला. ते म्हणाले, तपासले आहे. २०१३ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी स्वमग्नता असलेल्या ७० मुलांचे आणि नसलेल्या ५० मुलांचे रक्त याच दोन पायऱ्यांनी तपासले. दोन्ही पायऱ्या मिळून होकार एकाही मुलाचा आला नाही. आणि २०२० साली तिथल्या संसर्गरोग, मेंदूरोग व सांधेरोग तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मुलाची वाढ किंवा वागणूक वेगळी आहे एवढ्याच कारणासाठी सरसकट लाइमची तपासणी करू नये, असा सल्ला दिला आहे. स्वमग्न मुलाला लाइम होतच नाही असे नव्हे. बागेत खेळणाऱ्या कोणत्याही मुलासारखा त्यालाही होईल. चट्टा, ताप, सूज दिसली तर त्याचीही तपासणी झालीच पाहिजे. पण स्वमग्नता लाइममुळे आली, हे मात्र खरे नाही.

बहीण रडली. मला वाटले होते की वाईट बातमी टळली म्हणून हायसे वाटेल. पण तिच्या हातातून रोग गेला नव्हता, आशा गेली होती. डॉक्टर जरा थांबून म्हणाले, "बाई, फेब्रुवारीपासून मुलाचे बिघडले हे तुम्ही सांगता ते मी खरे मानतो. लाइम नाही म्हणजे काहीच नाही, असे नव्हे. ज्याला बोलता येत नाही तो दुखणे अंगाने सांगतो. आपण डोक्यापासून पायापर्यंत बघू." कान बघितले, पोट दाबून बघितले, दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. तोंड उघडायला तो तयार नव्हता, म्हणून जुलैमध्ये गुंगीचे औषध देऊन तपासले. मागची दाढ आतून किडून मुळाशी पू झाला होता. केवढे ते दुखणे पोराने पाच महिने काढले, आणि आम्ही त्याचे रक्त तपासत बसलो होतो! तो जेवणाला तोंड वळवत होता, एका बाजूनेच चावत होता. मी रोज त्याला भरवत होते आणि मला दिसले नाही. मलाही आशेने आंधळे केले होते.

दाढ काढल्यावर पंधरा दिवसांत तो रात्रभर झोपू लागला. डोके आपटणे पुष्कळ कमी झाले. 'पाणी' हा शब्द परत आला. बहिणीच्या समाधानासाठी ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी एकदाच पुन्हा रक्त तपासले. आयजीजीची तीच एक रेषा, एकही वाढली नव्हती. त्यांनी सांगितले, आता हा विषय संपला, पुन्हापुन्हा तपासू नका. जितक्या वेळा तपासाल तितक्या वेळा काहीतरी सीमेवर निघेल.

बाबूची स्वमग्नता आहे तशी आहे. पण त्या उन्हाळ्यात तो दोन नव्या गोष्टी शिकला. बाहेरून आले की तिकडे मुलांच्या अंगावर गोचीड बघावी लागते, काखेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. त्याला अंगाला हात लावलेला खपत नसे. मी दहा चित्रे काढली, कान, मान, काख अशी, आणि एकेका चित्रावर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हणत तिथे बघायचे, असा खेळ केला. महिन्याभरात तो स्वतःच कार्ड आणून माझ्या हातात देऊ लागला. नोव्हेंबरमध्ये मी निघाले त्या दिवशी त्याने सगळी कार्डे माझ्या पिशवीत घातली. बहिणीने विमानतळावर माझ्या कमरेला मिठी मारली, लहानपणी मारायची तशी. जमिनीविषयी ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

आता हे सर्व मी सावंतवाडीत तुम्हाला का सांगितले? आपल्याकडे लाइम रोगाची भीती कनेक्टिकटसारखी नाही. पण सीमेवरचे कागद आपल्याही घरात येतात. टायफॉइडचे येतात, थायरॉइडचे येतात. असा कागद हाती आला की घाबरण्याआधी किंवा हुरळण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. ही तपासणी नेमके काय मोजते? दुखणे सुरू होऊन किती दिवस झाले आणि त्या मानाने हा निकाल जुळतो का? माणसाच्या अंगावर त्या रोगाची खूण आहे का, की नुसता कागदच आहे? आणि औषध दिले तर नुकसान काय, न दिले तर काय? चौथा प्रश्न मी उलटा विचारला होता. तुम्ही सरळ विचारा.

गोचीड चिकटली तर घासलेट ओतू नका, तापलेली काडी लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. काजूच्या बागेतून किंवा रानातून आल्यावर ताप आला तर घरी काढे करत न बसता सरकारी दवाखान्यात जावे आणि रानात गेलो होतो हे आधी सांगावे.

शेवटचे आणि मनापासूनचे. आपल्या वाडीतही असे एखादे मूल असेल. त्याच्या आईला आपण काय काय सांगतो! गरोदरपणी ग्रहण पाळले नाहीस, मोबाईल दाखवलास, अमक्याकडे ने, तमका अंगारा लाव. बोलणारी सांगून घरी जाते आणि ती माउली रात्रभर जागते. स्वमग्नता आईच्या चुकीने येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते. लवकर शिकवायला घेतले तर मूल आपल्या चालीने पुढे जाते. त्या आईला खोटी आशा देऊ नका आणि तिची आशा तोडूही नका. तिच्या मुलाला दोन तास सांभाळा, तिला झोपू द्या. आणि मूल एकाएकी बिघडले तर रोगाचे मोठे नाव शोधण्याआधी त्याचे दात, कान, पोट बघा.

बाबूने दिलेली ती दहा कार्डे मी आज बरोबर आणली आहेत. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना बघायची असतील त्यांनी पन्ह्याच्या टेबलाजवळ यावे. तिथे मी नेहमीप्रमाणे असेनच.